गळपट्ट्याची गाठ

शाळेतून एक माणूस आला होता. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तुम्ही आमच्या बालवीर पथकातले, तेव्हा ‘पथकामुळे चारित्र्य कसे घडते आणि बंधुभाव कसा वाढतो’ यावर चार शब्द बोला, म्हणाला. पोरगा भला होता. माझ्या घरी बसला, चहा बशीत ओतून प्यायला. माझ्या घरचा चहा प्यायला, हे मुद्दाम सांगतोय. मी म्हटलं, चार शब्दांत नाही बसायचं ते. तर म्हणतो, मग दहा मिनिटं घ्या. आता याच्यापुढं काय बोलायचं! मी नाही म्हणून सांगितलं आणि त्याला वाटेला लावलं. तो गेला, पण माझं डोकं तापलं ते तापलंच. दोन दिवस घरातल्यांवर ओरडतोय. त्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

मी लोणी भापकरच्या महारवाड्यातला. बाप पहिल्या महायुद्धात पलटणीत होता, पार बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. लढाई संपली, पलटण मोडली, आणि बाप गावात परत येऊन वेशीवर राखण करायला उभा राहिला. पण त्याच्या डोक्यातली पलटण काही मोडली नव्हती. सकाळी उठल्यावर आधी पाठ ताठ करायचा, मग तोंड धुवायचा. त्याच्याकडे पलटणीतली पत्र्याची पाण्याची बाटली होती, वरून जाड कांबळ्याचं कापड शिवलेली. ती खुंटीला असायची आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा वाळवंटात पाणी संपलं तेव्हा एक मराठा हवालदार याच बाटलीला तोंड लावून पाणी प्याला, असं तो सांगायचा. किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही. शेवट नेहमी एकच असायचा. “खाकीला जात नसती, पोरा. खाकी घातली का सगळी सारखी.”

मला त्यानं बारामतीला मावशीकडं ठेवलं आणि इंग्रजी शाळेत घातलं. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. वर्गात मी मागं, दाराजवळ बसायचो. मास्तर माझी पाटी हातात न घेता लांबूनच वाचायचे आणि बरोबर-चूक सांगायचे. याचं मला तेव्हा काही वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू. पाऊस वरून पडतो तसंच हे, असं धरून चाललो होतो.

मी इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत असताना शाळेत बालवीर पथक निघालं, आता स्काउट म्हणतात ते. ड्रिल आणि चित्रकला शिकवणारे आमचे मास्तर पुण्याला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आले. आले ते अगदी भारावूनच. खाकी सदरा, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात निळा गळपट्टा, हातात काठी. ज्याला यायचंय त्यानं नाव द्या म्हणाले, आणि मी हात वर केला. वर्ग मागं वळून बघायला लागला. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि नाव घातलं. त्यावरून त्यांना गावात बरीच बोलणी खावी लागली. चार घरच्यांनी आपली पोरं काढून घ्यायची भाषा केली, पण मास्तर हटले नाहीत. हे त्यांच्या बाजूचं आहे ते मी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सांगताना कुणी मला आकसखोर म्हणायला नको.

बापानं आपली जुनी पलटणीची विजार दिली, ती कापून माझी चड्डी केली. बारामतीच्या शिंप्यानं माप घेताना अंगाला टेप लावला नाही, नजरेनंच मापलं. त्यामुळं चड्डी कायम ढगळ. कमरेला सुतळी बांधायचो. पण खाकी ती खाकी! बाटलीसुद्धा बापानं खुंटीवरून काढून स्वतःच्या हातानं माझ्या खांद्याला अडकवली. आणि एक कडक सलाम ठोकला. आई चुलीपुढं हसत होती.

पथकात तुकड्या होत्या. माझ्या तुकडीचा नायक वडगाव निंबाळकरच्या एका बागाईतदाराचा मुलगा. घरी दावणीला बारा जनावरं, पण पोरगा मऊ. त्याला कवायत जमायची नाही, डावं-उजवं चुकायचं. मला कवायत बापानं पाळण्यातच शिकवलेली. मी त्याला पावलं शिकवली, दोरीच्या गाठी शिकवल्या. त्यानं मला इंग्रजीचं व्याकरण घोटून दिलं. बालवीर डाव्या हातानं हात मिळवतात. आमच्याकडं डाव्या हातानं कुणी कुणाला चिमूटभर मीठ देत नाही, तिथं हा प्रकार! पोरांच्या आया कावल्या होत्या. पण पहिल्या दिवशी नायकानं माझ्यासमोर डावा हात केला आणि मी तो धरला. तसल्या घरच्या पोराचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. एकदा एक जण माझ्या सुतळीवरून मला टाकून बोलला तर नायकानं त्याच्या थोबाडीत दिली. दोस्ती होती, ती खरी होती. खोटी असती तर मी आज इतका चिडलो नसतो.

आता गाठीचं सांगतो. पथकाचा एक रिवाज होता. रोज सकाळी गळपट्ट्याच्या टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात कुणाचं तरी एक भलं काम करायचं, की गाठ सोडायची. संध्याकाळी रांग लागायची आणि मास्तर म्हणायचे, “ज्यांची गाठ सुटली नाही त्यांनी एक पाऊल पुढे.” म्हणजे नालायक कोण ते सगळ्यांना दिसायचं.

पोरांना काय, खेळ सापडला. सकाळी शाळेच्या आधी बारामतीत नुसती धावपळ. एका वाण्याचं दुकान सात वेळा झाडलं जायचं, शेवटी तो खराटा घेऊन पोरांच्या मागं लागला. एका विधवा बाईच्या तुळशीला इतक्या जणांनी पाणी घातलं की तुळस कुजली. दहाच्या आत सगळ्यांच्या गाठी सुटलेल्या, आणि पोरं पुण्यवान होऊन वर्गात बसलेली.

माझी गाठ कशी सुटायची? माझ्या हातचं पाणी कुणाच्या तुळशीला चालतंय? मी कुणाचं दुकान झाडू?

एकदा गुरुवारच्या बाजाराच्या दिवशी रस्त्यात एक बाई गवताचा भारा घेऊन उभी होती. भारा डोक्यावर घ्यायला कुणाचा तरी हात लागतो, तशी वाट बघत होती. खाकी बघून म्हणाली, “लेकरा, एवढा भारा लाव रं.” मी पळत गेलो, भारा उचलून तिच्या डोक्यावर चढवला. मला इतका आनंद झाला की माझा हात तिथंच गळपट्ट्याकडं गेला. ती म्हणाली, “गुणाचं रं लेकरू. कुणाचा रं तू?” बालवीराचा शब्द खरा असला पाहिजे, हा आमचा पहिला नियम. मी खरं सांगितलं. तिनं भारा तसाच खाली टाकला. पेंढ्या सुटल्या, गवत रस्ताभर झालं. मला शिव्या देत देत तिनं ते सगळं परत गोळा केलं, परत बांधलं आणि परत दुसऱ्या कुणाची वाट बघत उभी राहिली. माझ्या भल्या कामानं त्या बाईला दुप्पट काम लावलं. गाठ तशीच राहिली.

मग मी शहाणा झालो. आमच्याच वस्तीत एक आंधळा म्हातारा होता, त्याला सकाळी धरून चिंचेच्या सावलीला नेऊन बसवायचो आणि गाठ सोडायचो. आठवडाभर चाललं. मग एक पोरगं रांगेत बोललं, “मास्तर, त्ये त्याचंच लोक हायती. घरच्या माणसाचं काम केलं तर ते चालतंय व्हय?” मास्तरांनी विचार करून निवाडा दिला, घरच्यांची सेवा हे कर्तव्य, ते सत्कृत्य नव्हे. सगळा महारवाडा माझं घर! आणि बाकी पोरांनी सख्ख्या मामाच्या दुकानात जाऊन खराटा मारला तरी ते सत्कृत्य. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

राहिली कुत्री. कुत्र्याच्या पायातला काटा काढला, शेळीचं करडू काटेरी कुंपणातून सोडवलं, असं करून मी गाठ सोडायचो. मुकी जनावरं कुणाचा रं तू म्हणून विचारत नाहीत. बारामतीच्या कुत्र्यांची त्या वर्षी मोठी चैन झाली. पण ज्या दिवशी कुत्रं सापडायचं नाही त्या दिवशी मी एक पाऊल पुढं. आणि असे दिवस पुष्कळ.

होळीनंतर शिबिर ठरलं, इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याच्या अंगाला. कालव्याच्या कडेला एका मोठ्या बागाईतदाराची चिंचेची झाडं होती, तिथं तंबू ठोकले. या गृहस्थांना सगळे तात्या म्हणायचे. ऊस त्यांचा, गुऱ्हाळ त्यांचं, आमच्या जेवणाचा दाणा आणि गूळ त्यांचाच. वयानं सत्तरीला आलेले, पण आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी येऊन त्यांनी जाहीर केलं की शिबिरात जो सगळ्यांत मोठं सत्कृत्य करील त्याला ते शेवटच्या संध्याकाळी चांदीचं पदक देतील. आणि मास्तरांनी त्याला जोड दिली. शिबिरात फक्त माणसाची सेवा धरायची, जनावरांची नाही. हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते. बहुतेक त्यांना वाटलं असेल, यामुळं मला हुरूप येईल.

पदक मला नको होतं. देवाशपथ नको होतं. मला एका संध्याकाळी रांगेत, आपल्या जागेवर, बाकीच्यांसारखं नुसतं उभं राहायचं होतं. माणसाचं काम करून गाठ सोडलेला गळपट्टा घालून. एवढंच.

कवायतीला आम्ही उंचीप्रमाणं उभे राहायचो, त्यात मी मधे. जेवायला बसताना मात्र मी शेवटी, हातभर जागा सोडून. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला सांगावं लागतही नव्हतं. विहिरीवर मी जायचो नाही. माझी बाटली नायक भरून द्यायचा. मी बाटली जमिनीवर ठेवून बाजूला व्हायचो, तो वरून धार धरायचा, थेंब सांडू द्यायचा नाही. आम्ही दोघं त्यात इतके सराईत झालो होतो की गप्पासुद्धा थांबायच्या नाहीत. बाजाराच्या दिवशी मोटारीनं सगळ्यांना इंदापूरला नेलं आणि तिथं पथकानं पाणपोई लावली. पोरांनी दिवसभर बाजारकरूंना पाणी पाजलं, पोत्यानं पुण्य कमावलं. मी पोरांच्या टोप्या आणि काठ्या राखत लिंबाखाली बसलो. संध्याकाळी एक पाऊल पुढं.

शेवटच्या दिवशी दुपारी माग काढायचा खेळ होता. वाटेत दगडांच्या खुणा करून ठेवलेल्या, त्यावरून एकेकट्यानं वाट शोधत जायचं. माझ्या खुणा कालव्याच्या भरावावरून जात होत्या. कालवा कोरडा होता. पाण्याची पाळी अजून सुटायची होती, तळाला नुसता चिखल वाळून भेगाळलेला. ऊन मी म्हणत होतं. जरा पुढं गेलो तर बाभळीच्या बुडाशी तात्या पडलेले. पाणी का सुटलं नाही ते बघायला एकटेच चालत आले असणार. पागोटं गळून पडलेलं, ओठ पांढरे, श्वास धापेचा.

मास्तरांनी प्रथमोपचार पक्का घोटून घेतला होता. मी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, तोंडावर पाणी मारलं, डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली ओठाला लावली. मनात काही आलं नाही. माणूस मरतोय, एवढंच दिसत होतं. थोडं थोडं पाणी आत गेलं. त्यांनी डोळे उघडले, खाकीकडं बघितलं.

“बरं झालं आलास, लेकरा,” म्हणाले. मग तोच सवाल. “कुणाचा रं तू?”

आता इथं मी खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. पहिला नियम! “लोणीच्या महारवाड्यातला, तात्या,” मी म्हटलं.

ते थांबले. मान उचलून त्यांनी भरावावर वरच्या बाजूला बघितलं. मग खालच्या बाजूला बघितलं. चिटपाखरू नव्हतं. मग त्यांनी माझ्या हातातली बाटली स्वतःच्या दोन्ही हातांनी घेतली, तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.

“आणिक हाय का?”

“न्हाय, तात्या.”

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. खाली मातीत ठेवली. मी ती उचलून घेतली.

पण त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही, इतका मी खुळावलो होतो. तिथंच, त्यांच्यासमोर, मी गळपट्ट्याची गाठ सोडली.  मग तंबूकडं जी धूम ठोकली! चड्डी घसरत होती, ती एका हातानं धरून पळालो. मास्तरांना, नायकाला, सगळ्यांना ओरडून सांगितलं. तात्या पडलेत, पाणी पाजलंय, डोली आणा. पोरांनी दोन काठ्यांत सदरे ओवून डोली केली आणि तात्यांना उचलून त्यांच्या मळ्यातल्या घरी नेलं. नायक पुढं होता. मी मागून पोरांच्या टोप्या आणि तात्यांचं पागोटं एका काठीला अडकवून नेत होतो.

घरात सगळी गोळा झाली. मी अंगणाबाहेर उभा होतो, पण दार उघडं होतं. तात्यांच्या मुलानं विचारलं, “तात्या, पानी कुणी पाजलं तुमाला?”

तात्या खाटेवर उठून बसले होते. त्यांनी सगळ्या पोरांवरून नजर फिरवली, दारातून बाहेर माझ्यावरूनही फिरवली, आणि नायकाकडं बोट केलं. “ह्या पोरानं. वडगावच्या. देवासारखा आला.”

नायकानं तोंड उघडलं. मी बघत होतो. मग त्यानं ते मिटलं. घरातल्या बाया पुढं झाल्या, त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तोंडात गूळ असला की बोलता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

मास्तरांनी मला तंबूमागं बोलावलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. रिकामी बाटली आणि सुटलेली गाठ घेऊन मी आधी त्यांच्यासमोरच उभा राहिलो होतो. खूप वेळ ते काठीनं मातीत रेघा ओढत राहिले.

“हे बघ,” म्हणाले, “तू केलंस ते मला माहीत आहे. देवाला माहीत आहे. पोरांना मी गप्प राहायला बजावलंय. पण हे बाहेर पडलं तर म्हाताऱ्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागेल, गाव आपल्या अंगावर येईल, पथक मोडेल. मला पुढच्या वर्षी तुझ्यासारखी आणखी दोन पोरं घ्यायची आहेत. तुझ्या लोकांचंच नुकसान होईल. समजतंय ना तुला?”

“व्हय, मास्तर.”

“मग गाठ बांध.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी परत सांगितलं, “आजची गाठ परत बांध. नाही तर रांगेत तात्या विचारतील, हा कसा मोकळा.”

मी म्हटलं, “मास्तर, पहिला नियम?”

“सातवा आठव,” ते म्हणाले. सातवा नियम आज्ञा पाळायचा. नियम केले कुणी असतील ते असोत, पण माझ्यासाठी नेहमी पुढचा कुठला तरी शिल्लक असायचा. मी गाठ बांधली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि गाठ मी बांधली, हे ध्यानात घ्या. या जगात वाटणी अशीच होते.

संध्याकाळी समारंभ झाला. आजूबाजूच्या गावची पंच मंडळी, तात्या नवं पागोटं बांधून लोडाला टेकलेले. मास्तर बंधुभावावर बोलले. बालवीर हा दुसऱ्या बालवीराचा भाऊ, बोलले आणि चांगलं बोलले. मग नायकाला पुढं बोलावलं. तात्यांनी त्याच्या खिशावर पदक लावलं. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या, हात आपोआप वाजतात. मग मास्तरांनी रोजची आज्ञा दिली. त्या दिवशी त्यांनी ती गाळली असती तर चाललं असतं, पण पाहुण्यांना शिस्त दाखवायची होती ना!

“ज्यांची गाठ सुटली नाही त्यांनी एक पाऊल पुढे.”

मी एकटाच पुढं झालो. टाच आपटून, पाठ ताठ, बापानं शिकवलं होतं तसं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. काही तरी बोलायलाच पाहिजे होतं का? गप्प बसले असते तर मी पण गप्प बसलो असतो, जन्मभर बसलो असतो. पण मोठ्या माणसाला चार लोकांसमोर उपदेशाची खाज सुटते. “ह्या पोरानं आज काय केलं न्हाय व्हय?” मास्तरांना विचारलं.

मास्तर म्हणाले, “नाही, तात्या.”

तात्या माझ्याकडं वळले. “असं करू नये, बाळा. रोज येक तरी चांगलं काम करावं. मानसाच्या उपयोगी पडावं. ह्या तुझ्या नायकाकडनं शिक जरा.”

माझं टाळकं सणकलं. मी सलाम ठोकला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, “तात्या, आणिक पानी पायजे का?”

 तात्यांचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला. कुणाला कळलं, कुणाला नाही कळलं. पण हे पोरगं कोण आणि ते पाण्याचं विचारतंय कसं, एवढं पंचांना पुरेसं होतं. एक जण उठून उभा राहिला. मास्तर धावत आले, त्यांनी माझ्या दंडाला धरून मला रांगेतून बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या समोर माझा गळपट्टा उतरवून घेतला. गळपट्टे शाळेचे होते. गाठ होती तशीच त्यांनी तो खिशात कोंबला.

सकाळी उजाडताच मला घरी जायला सांगितलं. मी वळकटी बांधली, काठी तिथंच टाकली आणि कालव्याच्या भरावावरून बारामतीच्या दिशेनं चालायला लागलो. बापाला काय सांगायचं ते ठरवत होतो. खाकीला जात नसती म्हणायचा. त्याला खरं सांगितलं असतं तर त्याचा तो बसऱ्याचा हवालदार मेला असता.

बऱ्याच वेळानं मागून हाक आली. नायक पळत येत होता. जवळ आला तेव्हा तो रडत होता, चांगला हमसून हमसून. खिशावरचं पदक काढून त्यानं माझ्यासमोर धरलं. “हे तुझं हाय. घे. मला नको.”

मी म्हटलं, “सगळ्यांच्या म्होरं दे. चल, परत जाऊ.”

त्याचा हात खाली गेला. “आमचा बा मला घरात घ्यायचा न्हाय रं,” म्हणाला. ते खरं होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं, आणि आजही तसंच येतं. मी चालायला लागलो. तो पण शेजारून चालू लागला. बराच वेळ आम्ही पाऊल पाऊल मिळवून चाललो, कवायतीत चालायचो तसे. त्याचं डावं-उजवं आता चुकत नव्हतं.

पुलाशी आल्यावर तो म्हणाला, “तुझ्या बाटलीत पानी न्हाय. मी भरून द्यायचो ते आज राह्यलं. माझ्यातलं पी.”

तहान खरंच लागली होती. रात्रीपासून मी पाणी प्यालो नव्हतो. त्यानं खांद्यावरची बाटली काढली, बूच फिरवून उघडलं. डोळे अजून वाहत होते, नाक ओढत होता. जगात त्या घडीला माझ्यासाठी रडणारं ते एकच माणूस होतं.

त्यानं बाटली उंच धरली, धार माझ्या हाताला लागून बाटलीला विटाळ होणार नाही इतकी उंच, आणि ती वाकडी केली. मी कधी खाली बसलो आणि कधी ओंजळ पुढं केली ते माझं मलाही कळलं नाही. मी पाणी प्यालो.